भौतिकशास्त्रज्ञ : अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा

कुंदे, तुला जाऊन आज अकरा दिवस झाले आणि या अकरा दिवसांत माझ्याशी एकदाही कुणी नीट भांडलेलं नाही. सगळे फार समजुतीनं वागतायत. सून चहात साखर विचारून घालते. मुलगा दुपारी ऑफिसातून फोन करून "आई, जेवलीस का?" म्हणतो. खालच्या मजल्यावरच्या बाई शिरा घेऊन आल्या आणि मी जे बोलले त्याला "हो ना, हो ना" करत बसल्या. मला खरं तर कुणीतरी "शुभे, काहीतरीच काय बोलतेस" असं म्हणायला हवं आहे. तुझ्यासारखं, चष्मा कपाळावर ढकलून.

म्हणून लिहायला बसले. तू वाचणार नाहीस हे ठाऊक आहे. पण तू तशीही माझं लिहिलेलं कुठं धड वाचायचीस? पहिला परिच्छेद वाचून "विशेषणं फार आहेत" म्हणून परत द्यायचीस.

आपलं भांडण सुरू झालं ते एका पेपराच्या गठ्ठ्यावरून, आठवतं का? पनवेलच्या त्या ज्युनिअर कॉलेजात मी मराठी शिकवायची, तू फिजिक्स. सव्वीस वर्षं आपली टेबलं एकमेकींना चिकटून होती, पण ही गोष्ट पहिल्याच वर्षाची. मी चाचणीचे पेपर तपासत होते. प्रश्न नेहमीचाच, अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा. एका मुलानं लिहिलं होतं, "भौतिकशास्त्रज्ञ म्हणजे खूप हुशार माणूस. वाक्य : माझे काका भौतिकशास्त्रज्ञ आहेत, पण सध्या ते घरीच असतात."

मी मोठ्यानं वाचून दाखवलं. तू इतकी हसलीस की तुझा डबा कलंडला. मग डोळे पुसून विचारलंस, "मार्क किती दिलेस?"

"दोनपैकी एक. अर्थ बरोबर, वाक्य चुकीचं."

"उलट आहे. वाक्य बरोबर आहे, अर्थ चुकलाय. हुशारीचा काय संबंध?"

मी माझा मराठीचा तास सुरू केला. म्हटलं, ज्ञ म्हणजे जाणणारा. तज्ज्ञ, सर्वज्ञ, कृतज्ञ. भौतिकशास्त्र जाणतो तो भौतिकशास्त्रज्ञ. म्हणजे तू.

तू ताडकन म्हणालीस, "मग तुमचा शब्दच चुकलाय. जाणणारा कसला? ज्याला एखादी गोष्ट कळत नाही आणि ते सहन होत नाही, तो."

"त्याला मराठीत चौकस म्हणतात."

"मग चौकस लिही. आणि माझं नाव त्यात घालू नकोस. फिजिसिस्ट तो, जो आजवर कुणाला ठाऊक नव्हतं ते शोधून काढतो. मी दुसऱ्यांनी शोधलेलं फळ्यावर लिहिते. मी मास्तरीण आहे."

घंटा झाली, तू डस्टर घेऊन निघून गेलीस, आणि मला वाटलं विषय संपला.

पुढं त्या एका शब्दावर आपण किती दुपारी घालवल्या! जुन्या पाठ्यपुस्तकात तुझ्या विषयाला पदार्थविज्ञान म्हणायचे. तुझ्या आईनं तो शब्द ऐकला आणि तिची ठाम समजूत झाली की लेक पनवेलला पोरांना रांधायला शिकवते. पनवेलजवळच्या ओवे गावी, तुमच्या घरी मी पहिल्यांदा जेवायला आले, तेव्हा तुझे वडे तेलात दगडासारखे बसले होते. आई कढईकडे बघत म्हणाली, "येवरा पदार्थाचा इज्ञान शिकवतं, नि एक वरा फुगत नाय." तू हसून हसून चुलीपुढून उठलीस. मी मात्र परत येताना तुला भौतिक हा शब्द भूत या शब्दावरून आलाय हे समजावलं. पंचमहाभूतं, पृथ्वी, पाणी वगैरे. तू दुसऱ्या दिवशी वर्गात सांगून टाकलंस की मी भुतांची बाई आहे. अकरावीतल्या दोन मुली खऱ्याच घाबरल्या आणि एकीचे वडील भेटायला आले. ते निस्तरताना प्राचार्यांपुढं तुझ्या बाजूनं कोण बोललं, ते तरी आठव.

तुझ्या निवृत्तीच्या दिवशी ओव्यात सत्कार ठरला. तुझा भाचा दीपक, त्यानं सगळं अंगावर घेतलं होतं. गावाच्या वेशीवर हा एवढा फ्लेक्स. तुझा साडीतला फोटो, शेजारी अणूचं चित्र आणि खाली "ओवे गावची शान, थोर भौतिकशास्त्रज्ञ". तू रिक्षातून उतरलीस, वर बघितलंस आणि कंबरेवर हात ठेवलेस.

"दीपक, ते खाली उतरव."

"आत्या, छापून झाला ना."

"मग त्या शब्दावर कागद चिकटव. शिक्षिका लिही."

मी मध्ये पडले. म्हटलं, राहू दे गं, गावाला अभिमान वाटतोय. तू माझ्याकडे असं बघितलंस की जणू मीच छापून आणलाय. शेवटी कागद मिळाला नाही आणि शब्द राहिला. पण निवेदकाला तो काही झेपेना. त्यानं दोनदा भौतिक, भौतिक करून पाहिलं आणि मग माईक तोंडाशी घट्ट धरून घोषणा केली, "सुप्रसिद्ध फिजिशियन कुंदाताई म्हात्रे!" टाळ्यांचा कडकडाट झाला. तू पहिल्या रांगेतल्या माझ्याकडे बघितलंस आणि मी पदर तोंडात कोंबला.

कार्यक्रम लांबला म्हणून मी तुझ्याकडेच मुक्काम केला. सकाळी आपण ओटीवर चहा घेत होतो तर अंगणात तीन बायका उभ्या. एकीचा गुडघा धरला होता. दुसरीनं साखरेचे रिपोर्ट पिशवीत घालून आणले होते. त्या दोघींना तू समजावून, चहा पाजून वाटेला लावलंस. तिसरी चांगुणाबाई. चार घरं सोडून राहणारी, सत्तरीची, सुकलेल्या खारकेसारखी बारीक.

"कुंदाबाय, दोन मयने झाले, हाताना मुंग्या येतान. डाक्तरनी गोल्या दिल्या. काय फरक नाय."

तू सांगायला तोंड उघडलंस की मावशी, मी ती डॉक्टर नाही. मग थांबलीस. शिकवताना एखादा मुलगा काही वेगळं बोलला की तू जशी थांबायचीस तशी.

"मुंग्या कवा येतान?"

"सकालचे."

"उठल्या उठल्या?"

"नाय गो. भांडी घासतांना."

"कुठं घासतेस? मोरीन?"

"मोरीन. नल धरला का येतान."

"नि सुनेला?"

"तिला नाय. ती सपाता घालून घासते. मना नाय सवय."

"मोटर चालू असते का तवा? टाकीन पानी चरवायची?"

चांगुणाबाईनं विचार केला. "व्हय. तवाच."

तू कप खाली ठेवलास. आत जाऊन खणातला टेस्टर घेऊन आलीस आणि पायात चपला अडकवल्यास. मला म्हणालीस, "चल."

चांगुणाबाईच्या घरी त्या दिवशी नातीची हळद होती. नयनाची. दारात मांडव, स्पीकर लागलेले, परसात बायका हळद कालवतायत, एक म्हातारी लग्नातला धवला गातेय आणि स्पीकरवाला तिच्यावर आवाज चढवतोय. आत मोरीत पाट मांडून ठेवला होता. नयनाला तिथंच न्हाऊ घालणार होते. मोटर चालू होती. तू कुणाशी काही न बोलता आत गेलीस आणि नळाला टेस्टर लावलास. त्याच्या दांड्यातला तो इवलासा दिवा लाल पेटला.

तो दिवा मी अजून डोळ्यांपुढून घालवू शकत नाही. नळात, कुंदे. पाण्याच्या नळात.

तू सरळ ओटीवर गेलीस आणि मेन स्विच खाली ओढलास. स्पीकर एकदम बंद पडले. म्हातारीचा धवला तेवढा ऐकू यायला लागला आणि तीही गोंधळून थांबली. चांगुणाबाईचा मुलगा, नवरीचा बाप, बळीराम मांडवातून तरातरा आला.

"लाईट कोनी घालवली?"

"मी."

"ताय, आज हलद हाय माज्या पोरीची. पावने येतान. लाव ती."

"वायरमन येईतो नाय लावनार."

"अगो, इतकं दिस चालला, आजच काय झाला?"

"आज त्या मोरीन दहा बायका अनवानी उभ्या रातील. पानी वततील. तुजी पोर मधी बसल. नलान करंट हाय, बलीराम."

त्यानं टेस्टरकडे बघितलं, पाहुण्यांकडे बघितलं. चारचौघांत आपलं ऐकत नाहीत म्हणून तो चिडला होता. "आई तुज्याकरं मुंग्यांसाठी आलती. तू डाक्तर हायेस का वायरमन?"

"दोनी नाय."

"मंग कोन हायेस तू?"

तू स्विचपुढं पाठ लावून उभी होतीस. मी बाजूला, कुणीतरी हातात दिलेलं हळदीचं ताट तसंच धरून. तू चष्मा कपाळावर ढकललास. आणि मग म्हणालीस,

"भौतिकशास्त्रज्ञ."

एकही अक्षर न खाता. ज्ञ सकट.

बळीराम एक पाऊल मागं सरला. त्याला अर्थ कळला असं मी म्हणणार नाही, बहुधा शब्दाच्या लांबीनंच तो दबकला. पण त्यानं पुन्हा स्विचकडे हात नेला नाही. मुलाला मोटारसायकलवर बेलपाड्याला वायरमन आणायला पिटाळलं.

वायरमन तासाभरानं आला. मोटरच्या वायरचं कातडं भिंतीच्या आत पाइपला घासून सोललं होतं, आणि अर्थिंगची वायर कुणी कधी जोडलीच नव्हती, ती नुसती लोंबत होती. भिंत ओली होत होती तसतशी गळती वाढत होती. वायरमन मोरीतल्या पाटाकडे बघून म्हणाला, "आज इथं आंघोळी झाल्या असत्या, तर..." आणि त्यानं तो पाट उचलून बाहेर नेऊन ठेवला. बळीराम मांडवाच्या खांबाला टेकून खालीच बसला. मग उठून त्यानं तुझे दोन्ही हात धरले. नुसते धरून राहिला.

नयनाला अंगणात, शेजारच्या विहिरीचं पाणी आणून न्हाऊ घातलं. सवाष्णी तांबे घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. तू सवयीनं मागं सरकलीस. तू लग्न केलं नव्हतंस, आणि गावातल्या प्रत्येक हळदीत तू अशीच चार पावलं मागं जाऊन उभी राहायचीस, इतकी सहज की मीही त्याबद्दल कधी विचारलं नव्हतं. चांगुणाबाईनं तुला दंडाला धरून पुढं ओढलं. मागून कुणीतरी पुटपुटलं, "ती सवाशीन नाय."

"गप बसा," चांगुणाबाई म्हणाली. "पयला तांब्या तिचाच."

तू तांब्या दोन्ही हातांनी धरलास आणि नयनाच्या डोक्यावर हळूहळू रिकामा केलास. 

घरी परतताना मी काही तुला सोडणार नव्हते. "म्हणालीस ना शेवटी! स्वतःच्या तोंडानं!"

"त्याला गप्प करायचं होतं. मोठा शब्द कामाला आला. वाक्यात उपयोग केला, बस."

"आणि अर्थ?"

"अर्थ तोच, जो मी आधी सांगितला. नवीन काय शोधलं मी? गळती. ती वायरमननंही शोधली असती."

"त्याला बोलावलं असतं कुणी? दोन महिने सगळे म्हातारीच्या हातात दुखणं शोधत होते. नळात कुणी शोधलं?"

तू पदर डोक्यावर घेतलास. म्हणालीस, "ऊन वाढलंय, चल." तुझ्यामाझ्या सगळ्या भांडणांत तू मध्येच सोडून दिलेलं हे एकमेव.

चांगुणाबाईच्या मुंग्या अर्थातच थांबल्या. गावानं तो शब्द आपल्या जिभेला बसेल असा तासून घेतला, फिशिस्ट. कुणाचा फ्रिज झटका देतो, कुणाच्या विहिरीतून बुडबुडे येतात, कुणाच्या पत्र्यातून दुपारी टकटक आवाज येतो, "कुंदा फिशिस्टला इचार." मी एकदा चांगुणाबाईला विचारलं, फिशिस्ट म्हणजे काय हो? ती म्हणाली, "जी गोल्या देत नाय, घरी येऊन बघते." मी तुला हे सांगितलं तर तू खूश होऊन म्हणालीस, "हा अर्थ मला चालेल. तुझ्यापेक्षा बरा आहे." सव्वीस वर्षं मराठी शिकवलेल्या बाईपेक्षा!

आता जे तुला कधीच सांगितलं नाही ते सांगते.

आपल्या कॉलेजात एकदा विज्ञानाचा कार्यक्रम झाला होता. दोन व्याख्यानं होती. एक ठाण्याहून आलेल्या एका गृहस्थांचं आणि एक तुझं. सूत्रसंचालन माझ्याकडे. ते गृहस्थ तुझ्यासारखेच एम. एस्सी., तुझ्यासारखेच कॉलेजात शिकवणारे. त्यांची ओळख मी करून दिली ती "ज्येष्ठ भौतिकशास्त्रज्ञ" म्हणून. आणि तुझी, "आमच्या सगळ्यांच्या लाडक्या कुंदाताई" म्हणून. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. तू उठलीस, साबणाच्या फुग्यावर रंग कसे येतात ते सांगितलंस, पोरांनी बाकं बडवली. नंतर तू त्या ओळखीबद्दल अक्षरही बोलली नाहीस. मला ते लक्षात आलं ते थेट बळीरामच्या ओटीवर, हातात हळदीचं ताट घेऊन उभी असताना. स्टाफरूममध्ये, दोघीच असताना, मी तो शब्द तुझ्या अंगावर फेकत होते. जिथं दोनशे माणसं ऐकत होती तिथं मी तो परक्या माणसाला देऊन टाकला.

त्याबद्दल तुझी माफी मागायची होती. सात वर्षं मागायची होती. हॉस्पिटलात शेवटची भेटायला आले ती तेच ठरवून. तर तू नर्सला सलाईनची बाटली वर नेली की थेंब का वाढतात ते समजावत होतीस आणि ती बिचारी गालात हसत ऐकत होती. ती गेल्यावर तू माझा चेहरा बघून म्हणालीस, "बोल. काहीतरी पोटात आहे तुझ्या."

मी म्हटलं, "काही नाही गं. उद्या बोलू."

त्या उद्याच्या सकाळी सहाला दीपकचा फोन आला.

इथवर लिहून ठेवून दिलं होतं, ते आज पुढं लिहिते. काल ओव्यात तुझी शोकसभा झाली. कॉलेजातले आले होते, अख्खं गाव होतं. मला बोलायला सांगितलं. मी कागदावर खूप लिहून नेलं होतं, ते घडी करून पर्समध्येच ठेवलं. माईकपुढं जाऊन म्हटलं, "कुंदा म्हात्रे भौतिकशास्त्रज्ञ होत्या. हे मी एकदा या गावापासून चार मैलांवर सांगायला हवं होतं, तेव्हा सांगितलं नाही. म्हणून आज सांगते." ठाण्याच्या पाहुण्यांचा तो सगळा प्रसंग सांगितला. लोक शांत बसून ऐकत होते. खाली येऊन बसले तर दीपक कानाशी म्हणाला, "मावशी, आत्याला आवडलं नसतं हे."

"माहीत आहे रे," मी म्हटलं आणि सवयीनं वाट बघायला लागले. तू आता काहीतरी तिरकस बोलशील म्हणून. शेजारच्या खुर्चीत तुझ्या वहिनी होत्या. तेव्हा मात्र मला रडू आवरेना. तू गेल्यापासून पहिल्यांदाच नीट रडले. वहिनींनी पाठीवर हात ठेवला.

सभा संपली. माणसं पांगली. एक तिशीतली मुलगी डोक्यावरची ओढणी सारखी करत माझ्यापुढं येऊन उभी राहिली. म्हणाली, "मॅडम, मी रेहाना. कुंदामॅडमची स्टुडंट. बेअदबी वाटेल तुम्हाला, पण तुमचं म्हणणं मला पटलं नाही."

"कुठलं?"

"त्या भौतिकशास्त्रज्ञ होत्या हे. त्यांनीच आम्हाला शिकवलंय, जो नवीन शोधतो तो. त्यांच्यावर माझी मोहब्बत आहे म्हणून शब्द थोडाच बदलतो? तसं असेल तर उद्या मलाही म्हणाल."

"तू काय करतेस?"

"इकडंच, द्रोणागिरीला शीतगृहात आहे. तापमान माझ्याकडे." मग तिला राहवेना. "एका खोलीच्या एकाच कोपऱ्यात रोज दुपारी दीड डिग्री वाढते. सगळे म्हणतात मीटर खराब आहे. मी तीन मीटर बदलून बघितले. आता रोज डबा खायचं सोडून तिथं स्वेटर घालून उभी राहते."

"सापडलं का?"

"नाही ना! म्हणूनच म्हणते, मी नाही."

"म्हणूनच म्हणते, तू आहेस."

"मॅडम, काहीतरीच काय बोलता!"

कुंदे, मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मी तिला म्हटलं, ज्ञ म्हणजे काय ठाऊक आहे का तुला? ती म्हणाली, ठाऊक आहे, आणि तिथंच गडबड आहे. मांडववाल्यांनी खुर्च्या गोळा करायला घेतल्या होत्या. त्यांनी आम्हाला दोनदा उठवलं. तिसऱ्यांदा ते येताना दिसले तेव्हा रेहानानं दोन खुर्च्या हातात धरल्या, आणि आम्ही त्या भिंतीकडच्या सावलीत ओढून नेल्या.